दोन लिंबांखालच्या रांगा

ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातल्या बुधवारी चर्चच्या पटांगणात दोन कडुलिंबांखाली दोन खुर्च्या मांडायचा रिवाज होता. आत उकडतं, आणि पाप सांगताना माणसाला तसाही घाम फुटतो, म्हणून बाहेर. एका खुर्चीत मोठे फादर रुमाव, दुसरीत धाकटे फादर याकोब. गळ्यात जांभळा पट्टा, शेजारी लोकांना गुडघे टेकायला गोणपाट. कोणाच्या खुर्चीपुढे किती माणसं आहेत हे बघायचं नसतं, असं फादर रुमावांना सेमिनरीत शिकवलं होतं. माणूस देवाकडे येतो, फादरकडे नाही. शिकवलं ते खरंच होतं. फक्त सेमिनरीत समोर दुसरी खुर्ची नव्हती.

समोरच्या लिंबाखाली फादर याकोबची रांग हापशाला वळसा घालून थेट शाळेच्या ओट्यापर्यंत गेली होती. पहिली पाळी संपवून आलेले कामगार कंपनीच्या निळ्या कपड्यांतच उभे होते, बाया लेकरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. फादर रुमावांच्या लिंबाखाली तीन म्हाताऱ्या होत्या, आणि त्यातली चतुराबाई तर पाप सांगून झाल्यावर पुन्हा सावलीला येऊन बसली होती.

फादर रुमावांचं पोट जळत होतं. सप्ताह उपवासाचा होता, पण हे जळणं उपवासाचं नव्हतं.

ते मूळचे वसईचे. बावीस वर्षांपूर्वी पैठण रस्त्यावर, चितेगाव आणि बिडकीनच्या मधल्या या माळावर आले, तेव्हा इथं पत्र्याची एक खोली आणि बाभळी होत्या. चर्च त्यांनी उभं केलं, विहीर त्यांनी खणून घेतली, शाळेचा स्लॅब पडला त्या दिवशी झगा खोचून स्वतः घमेली उचलली. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा बौद्ध की किरिस्ताव असं काही न विचारता त्यांनी सगळ्यांना चर्चमध्ये घेतलं आणि आपली राजदूत मोटारसायकल दारात आडवी लावून तिच्यावर बसून राहिले. लोक तेव्हा त्यांना देवमाणूस म्हणाले होते. "असं म्हणू नका," असं त्यांनी लोकांना सांगितलं होतं, आणि लोकांनी ते जरा फारच मनावर घेतलं, असं आता त्यांना वाटत होतं.

कारण आता याकोब आला होता. याकोब पाखरे, गंगापूरकडच्या कडुबा पाखऱ्याचा पोरगा. दीक्षा होऊन पुरती दोन वर्षं झाली नव्हती. त्यानं इथं येऊन काय केलं? एक वीट रचली नाही. नुसता लोकांच्या घरी गेला, चुलीपुढं बसला, भाकरीवर ठेचा घेऊन खाल्ला आणि "मामी, लई झ्याक झालंय" म्हणाला. झालं! बावीस वर्षांची वस्ती त्याच्या खिशात.

चितेगावला कारखाने उभे राहिले तशी वस्तीतली पोरं तीन पाळ्यांत कामाला लागली, आणि रविवारी सकाळी सातच्या मिस्साला बाकं रिकामी राहायला लागली. फादर रुमाव म्हणाले, देवाची वेळ सातचीच. याकोबनं पाळी सुटल्यावर संध्याकाळची मिस्सा सुरू केली, वर ढोलकीही आणली, आणि चर्चमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. नामांतराच्या मोर्चाला तो पांढऱ्या झग्यासकट गेला आणि दुसऱ्या दिवशी प्रवचनात म्हणाला, "आपण किरिस्ताव झालो, पण आपलं घर काय वेशीच्या आत आलं नाय. बाबासाहेबांचं नाव मागायची मला लाज वाटत नाय." लोकांनी डोळ्यांना पदर लावले. फादर रुमाव काही नामांतराच्या विरोधात नव्हते. ते वाक्य त्यांना दुसऱ्या दिवशी प्रचारक मास्तरांकडून कळलं आणि आपल्याला सुचलं नाही याचं दुःख झालं. सुचलं असतं तरी 'आपलं घर' असं त्यांना म्हणता आलं नसतं, हे त्याहून वाईट होतं.

मास्तरांकडून कळलं, कारण याकोबचं प्रवचन त्यांना कधी नीट कळतच नसे. पोराच्या आवाजात दम नाही, असं त्यांचं मत होतं. एकूणच हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती. स्वयंपाक करणारी बानाबाई तर नुसती पुटपुटायची. ती दोघांना एकाच तव्यावरची भाकरी वाढायची, पण याकोबच्या भाकरीवरचा तुपाचा गोळा मोठा असायचा. फादर रुमावांनी एकदा विचारलंही, "बानाबाई, तूप संपत आलं का?" ती काहीतरी पुटपुटली. काय ते विचारण्यात त्यांना कमीपणा वाटला. चर्चच्या शेतात मेंढरं बसवायला येणारा मुंजाबा धनगर, ज्याचा येशूशी सुतराम संबंध नाही, तोसुद्धा कुंपणावरून ओरडून विचारायचा, "धाकलं बाबा हायेत का?" हे मात्र फादर रुमावांना बरोबर ऐकू यायचं.

त्यांनी उपाय करून पाहिले. लांबच्या वाड्या याकोबच्या गळ्यात घातल्या, तर त्या वाड्यांतली माणसं ट्रॅक्टरमध्ये बसून त्याची मिस्सा ऐकायला इकडे यायला लागली. स्वतः ढोलकीवर टाळ्या वाजवून पाहिल्या, तर पोरं एकमेकांकडे बघून हसली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं वसईच्या माणसानंही म्हणावं अशी वेळ आली.

आणि आता ईस्टरनंतरच्या सोमवारी बिशप जेवायला येणार होते. गेल्या महिन्यात शहरात छावणीच्या चर्चमध्ये भेट झाली तेव्हा बिशपांनी त्यांना बाजूला घेऊन, कानाशी येऊन विचारलं होतं, "फादर, तुमचं वय झालं. जूनमध्ये तुम्हाला विश्रांती देऊ. तुमच्यामागे याकोब ही वस्ती सांभाळील का? सोमवारी सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

फादर रुमावांचं उत्तर तयार होतं. "अजून कच्चा आहे. दुसरीकडे, जरा दूर, कोणाच्या तरी हाताखाली पाच-सहा वर्षं राहू दे." या वाक्यात खोटं काही नाही, हे ते स्वतःला रोज नव्यानं पटवत होते. एकदाच पटलं असतं तर रोज पटवावं लागलं नसतं, एवढं त्यांनाही कळत होतं. पण समोरची रांग पाहिली की वाक्य आणखी पक्कं व्हायचं. आपण जायचं आणि बांधलेलं चर्च, खणलेली विहीर, सगळं या ढोलकीवाल्याच्या हातात द्यायचं? नाही जमणार.

तेवढ्यात याकोबच्या रांगेतून एक माणूस बाहेर पडला. कारभारी नावाचा गडी होता तो, टीव्हीच्या कारखान्यात कामाला असलेला, मोर्चात पुढे झेंडा धरणारा, आणि संध्याकाळच्या मिस्साला ढोलकी वाजवणारा कारभारी. त्याचा नंबर जवळ आला होता. तो क्षणभर थांबला, मागे बघितलं, आणि पटांगण ओलांडून सरळ फादर रुमावांच्या लिंबाखाली आला.

फादर रुमाव खुर्चीत ताठ बसले. याकोबचा सगळ्यात लाडका माणूस, आणि आला शेवटी आपल्याकडे! याकोबनं पाहिलं का? त्यांनी मान वळवून खात्री केली. पाहिलं होतं. बरं झालं.

कारभारीनं गोणपाटावर गुडघे टेकले आणि त्याचे ओठ हलू लागले. फादर रुमाव नेहमीसारखी मान डोलवत राहिले. बावीस वर्षं तीच माणसं, त्यांची तीच पापं. एखादा शब्द कानावर आला की बाकीचं आपोआप भरून काढता येतं. 'दारू' आलं की दारू, 'सासू' आलं की भांडण. प्रायश्चित्तही ठरलेलं: तीन वेळा 'नमो मरिये'ची प्रार्थना, मग चोरी असो की चहाडी. पण कारभारीचा एक शब्द लागेल तर शपथ. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तो रडतोय. एवढा उंचापुरा गडी, पण खांदे गदगद हलत होते.

"जरा मोठ्यानं," फादर म्हणाले.

ओठ तसेच हलले.

"कारभारी, मोठ्यानं बोल. पुटपुटू नको."

समोरच्या रांगेतल्या माना वळल्या. कारभारीनं बाहीनं डोळे पुसले आणि तोंड अगदी त्यांच्या कानाला आणून लावलं. हे मात्र ऐकू आलं.

"फादर, म्हणून तर तुमच्याकडं आलो."

"म्हणून म्हणजे?"

"तुमाला ऐकू येत नाय म्हणून."

फादर रुमावांना आधी राग आला. "कोण म्हणतं मला ऐकू येत नाही?"

"समद्यांला ठाऊक हाय. चार-पाच वर्षं झाली. ज्याला वरडून सांगायची लाज वाटती, तो तिकडं जातो. ज्याला वाटतं कुणीच ऐकू नये, तो तुमच्याकडं येतो. देवाला तर ऐकू जातंयच की. तुमी हात वर केला की सुटलो."

फादर रुमावांनी सावलीतल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. चतुराबाईनं बोळक्या तोंडानं त्यांना हसून दाखवलं. तीन म्हाताऱ्या! आपल्याशी इमान राखून राहिल्या म्हणून त्यांनी मनातल्या मनात या तिघींना किती आशीर्वाद दिले होते.

"मग याकोबकडे जा," ते म्हणाले. हे बोलताना जीभ कडू झाली. "त्याचे कान तरणे आहेत."

"त्यांला कसं सांगू, फादर? ते आपले हायेत. आमच्या घरी जेवतात, लेकरं मामा म्हणतात त्यांला. उद्या त्यांच्या तोंडाकडं कसं बघू? तुमचं कसं हाय, तुमी परके. राग मानू नका."

राग मानू नका! बावीस वर्षं, एक चर्च, एक विहीर, आणि परके. फादर रुमावांना त्या क्षणी स्वतःलाच मोठ्यानं रडावंसं वाटलं.

हात वर करून मोकळं होणं सोपं होतं. कारभारी सुटलो म्हणून घरी गेला असता, याकोबच्या रांगेतला एक माणूस कायमचा आपला झाला असता, आणि कोणालाही काही कळलं नसतं. हात अर्धा वर गेलाही. पण काय माफ करतोय हेच ठाऊक नसताना माफ कसं करायचं? आणि असं आजवर किती जणांना केलं? समोरचा माणूस रडत होता, आणि तो तीन नमो मरियेंसाठी रडत नव्हता.

"माझा डावा कान उजव्यापेक्षा बरा आहे," ते म्हणाले. म्हणजे ठाऊक होतं त्यांना. फोनही ते डाव्याच कानाला लावायचे. "या बाजूला ये आणि मोठ्यानं सांग."

कारभारी घाबरून रांगेकडे बघायला लागला. "लोक ऐकत्याल."

फादर रुमाव खुर्चीतून उठले. पट्टा सरळ केला. "ऐका रे सगळे!" ते ओरडले. "मला ऐकू येत नाही. तुम्हाला हे ठाऊक आहे, मला आत्ता कळलं. या माणसाला माझ्याशी मोठ्यानं बोलायचंय. तोवर तुम्ही सगळे जपमाळ म्हणा, घसा फाटेस्तोवर म्हणा. याकोब, तू सुरू कर. तुझा आवाज चांगला आहे म्हणे."

त्या 'म्हणे'मध्ये जेवढा हेवा भरता येईल तेवढा त्यांनी भरला.

याकोब गोंधळून उठला, पण त्यानं सुरुवात केली. रांग त्याच्यामागे म्हणू लागली. त्या गलक्यात कारभारीनं फादर रुमावांच्या डाव्या कानात आपलं पाप सांगितलं. काय सांगितलं ते आपल्याला कळायचं कारण नाही. एवढं मात्र खरं की यावेळी फादरांनी मान डोलवली नाही. त्यांनी दोनदा काहीतरी विचारलं, मग बराच वेळ कारभारीच्या डोक्यावर हात ठेवून बसले, आणि प्रायश्चित्त म्हणून त्याला कोणाकडे तरी जायला सांगितलं. मग हात पूर्ण वर केला. कारभारी उठला तेव्हा त्याचा चेहरा आंघोळ केल्यासारखा झाला होता.

जपमाळ थांबली. फादर रुमाव रिकाम्या गोणपाटाकडे बघत बसले. याकोब सगळ्यांचा आपला होता आणि म्हणूनच कारभारीला उपयोगाचा नव्हता. परक्या माणसाचंही काही काम असतं. हे समजल्यावर हेवा कमी व्हायला हवा होता. झाला नाही. उलट आता त्यात 'परके' या शब्दाची भर पडली, आणि सोमवारचं ते तयार वाक्य जिभेच्या टोकाशी येऊन बसलं.

त्यांना स्वतःची भीती वाटली. ते उठले आणि पटांगण ओलांडून चालू लागले. लोकांनी वाट दिली. याकोबच्या खुर्चीशेजारी त्यांनी गुडघे टेकले, तेव्हा गुडघे कटकन वाजले. याकोब दचकून उठायला लागला, तर त्यांनी त्याला खांद्यावर दाबून खाली बसवलं.

"मला पाप सांगायचंय," ते कुजबुजले. निदान त्यांच्या मते ते कुजबुजले. शाळेच्या ओट्यावरच्या शेवटच्या माणसाला ते स्पष्ट ऐकू गेलं. "याकोब, मला तुझा हेवा वाटतो. तुझ्या रांगेचा वाटतो. तुझ्या ढोलकीचा वाटतो. तुझ्या भाकरीवरच्या तुपाचासुद्धा वाटतो."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. स्वयंपाकघराच्या दारात बानाबाईनं तोंडाला पदर लावला.

"सोमवारी बिशपांना मी सांगणार होतो, की हा कच्चा आहे, याला इथून लांब पाठवा. तू कच्चा नाहीस, याकोब. पण मी तुला इथं राहू देणार नव्हतो."

हसू विरलं. कोणी कोणाकडे बघेना. याकोबचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो म्हाताऱ्या फादरांच्या डोक्यावरून लोकांकडे बघत होता, आणि हळू बोला असं त्यांना कसं सांगावं हे त्याला सुचत नव्हतं.

"आणि दुसरं असं, की बावीस वर्षांत मला..."

"नमो मरिये, कृपापूर्णे!"

चतुराबाई काठी टेकत उभी राहिली होती. तिचा आवाज फुटक्या मडक्यासारखा होता, पण तो तिनं सगळाच्या सगळा लावला. मग काठी उचलून ती रांगेवर खेकसली, "बघताव काय रे! म्हना की!"

आधी कारभारीनं आवाज दिला. मग निळ्या कपड्यांतली पोरं, मग बाया, मग सगळं पटांगण. कुंपणापलीकडे मुंजाबाला ती प्रार्थना येत नव्हती, त्यानं मेंढरांनाच मोठमोठ्यानं हाळ्या घालायला सुरुवात केली. जपमाळ संपत आली तरी फादर रुमावांचे ओठ हलतच होते. चतुराबाईनं श्वास न घेता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. फादर पुढे काय म्हणाले ते याकोबशिवाय कोणालाही ऐकू गेलं नाही. शेवटी याकोब वाकला, त्यांच्या डाव्या कानात काहीतरी बोलला आणि त्यानं हात वर केला.

फादर रुमाव गुडघे झटकून उठले. न सांगता दुसऱ्यांदा जपमाळ म्हणणाऱ्या त्या माणसांकडे पाहून त्यांना कौतुक वाटलं. आणि एवढ्या माणसांत आपण किती हळू बोललो, याचंही बरं वाटलं.

सोमवारी बिशप आले. याकोबनं त्यांना मुद्दाम फादर रुमावांच्या डाव्या हाताला बसवलं. कोंबडीचा रस्सा झाला, भाकऱ्या आल्या, आणि बिशपांनी याकोबच्या देखतच विचारलं, "मग फादर, काय ठरवलंत?"

याकोब ताटात बघत राहिला. पापनिवेदनात ऐकलेलं फादरनं कुठंच सांगायचं नसतं, त्यामुळे तो ते मानेनंही दाखवू शकत नव्हता. बानाबाई उंबऱ्यातच थबकली.

"याकोब तयार आहे," फादर रुमाव म्हणाले.

बिशपांनी मान पुढे केली. "काय म्हणालात? ऐकू आलं नाही."

"तयार आहे म्हटलं!" फादर रुमाव ओरडले. कुंपणापर्यंत आवाज गेला.

बानाबाई आत आली. तिनं तुपाची वाटी घेतली आणि फादर रुमावांच्या भाकरीवर लिंबाएवढा गोळा ठेवला. आज इतकं तूप कसं, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी हळूच याकोबच्या ताटात पाहिलं. त्याचा गोळा लहान होता, चांगलाच लहान होता. फादर रुमावांना आतून फार बरं वाटलं, आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडतानाच त्यांच्या ध्यानात आलं, की हेही आता याकोबलाच सांगावं लागणार.